मामीचं सातवं कलम

माझ्या मामीनं तीस वर्षं झाडं मोजली. तिची नोकरीच ती होती. फळबाग लावणाऱ्यांना, इमारती लाकडाची झाडं वाढवणाऱ्यांना सरकार अनुदान देतं. कुणाला रोपांसाठी, कुणाला कुंपणासाठी, कुणाला पाण्याच्या नळ्यांसाठी. पण अर्जावर चारशे झाडं लिहिली म्हणून रानात चारशे असतातच असं नाही. लागवडीला वर्ष झालं की कुणीतरी तिथं जाऊन, किती लावली आणि किती जगली ते डोळ्यांनी बघून यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे माझी मामी. फलोत्पादन कार्यालयाच्या कागदांवर तिच्या हुद्द्याचं नाव दीड ओळीचं होतं. पन्नास-साठ गावांत मात्र तिला सगळे ‘मोजणीबाई’ म्हणत.

मामी बुटकी, चालायला तुरतुरीत. मामाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात, डोक्याला कडा उसवलेली गवती टोपी, पायात जाड तळव्यांचे बूट. डाव्या खिशात कोटाची दहा मोठी बटणं असायची. पंचवीस झाडं झाली की एक बटण उजव्या खिशात जायचं. मध्येच कुणी चहा विचारला, कुणी मुद्दाम गप्पांत गुंतवलं, तरी बटणं काही हिशेब चुकू देत नसत.

आणि गुंतवायचे लोक. एकानं टेकडीला दोनदा वळसा घालून तीच बाग दुसऱ्या वाटेनं पुन्हा दाखवली. मामी थांबली, एका फांदीला हात लावून म्हणाली, "हे झाड मला मघाशी भेटलंय." दुसऱ्यानं शेजाऱ्याकडून कुंड्या उसन्या आणून कुंड्यांसकट जमिनीत पुरल्या होत्या. काही जण तर सरळ हिरव्या फांद्या तोडून खड्ड्यात खोचत. म्हणून मामी प्रत्येक झाड बुंध्याशी धरून जरा हलवून बघायची. मुळं धरलेली असली की झाड हाताला उत्तर देतं, असं ती सांगायची.

नोकरीच्या सहाव्या वर्षी तिला एक नवीच शक्कल सापडली. काही बागाईतदार थोडी कलमं विकत घ्यायचे आणि मधल्या जागी ओढ्याकाठची जंगली रोपं फुकटात उपटून आणून लावायचे. झाडं म्हणून ती झाडंच, जिवंत, मुळं धरलेली. अनुदान मात्र कलमांचं लाटायचं. मामीनं साहेबांना चार पानी टिपण लिहून दिलं. वर्षभरानं योजनेच्या नियमावलीत त्यातलं एक वाक्य सातवं कलम म्हणून छापून आलं: ‘मान्य यादीबाहेरील जातीची झाडे मोजणीत धरू नयेत.’

मामीनं ते पान घरी आणून मामाला दाखवलं. मामा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्यानं चष्मा पुसून ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाला, "लोक बागेत कलमं लावतात. आमच्या हिनं नियमावलीत लावलं!"

त्या कलमाचा मामीला फार अभिमान होता. त्यानंतर जंगली रोपांचा धंदा बंदच झाला. पुढची तेवीस वर्षं, यादीत नसलेलं झाड दिसलं की मामी नोंदवहीत त्याच्यापुढं फुली मारायची आणि मालकाला तोंडावर सांगायची, "हे धरता येणार नाही."

निवृत्त झाल्यावर मामी चार महिने घरात बसली. पाचव्या महिन्यात तिनं शेजारच्या इमारतीच्या खिडक्या मोजल्याचं मामाच्या लक्षात आलं आणि तो घाबरला. गावाबाहेर त्याच्या वाट्याला आलेला एक उतार होता. नुसतं गवत आणि दगड. "तिथं काहीतरी लाव," तो म्हणाला, "नाहीतर तू माझे केस मोजायला लागशील. तिथं तसंही फार वेळ लागायचा नाही."

मामीनं नासपती लावायचं ठरवलं. त्या भागातल्या उतारांवर नासपतीच जास्त. डोंगरउतारावरच्या छोट्या बागांसाठी वेगळं अनुदान होतं. अट अशी की वर्षभरानं निदान एकशे पंचाहत्तर झाडं उभी दिसली पाहिजेत. मामीला योजना तोंडपाठ होती. ती थेट रोपवाटिकेत गेली. मीही सुट्टीला आलो होतो म्हणून गाडी चालवायला बरोबर होतो.

रोपवाटिकेवाला सत्तरीचा, तिरसट, पण झाडांतला जाणता माणूस. मामीनं जात सांगितली, आकडा सांगितला. तो म्हणाला, "नऊला एक दुसरी जात घ्यावी लागेल."

"कशाला?"

"नासपतीच्या फुलाला आपल्याच जातीचा पराग चालत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड फुललेलं लागतं. नाहीतर बहर येईल, बघायला छान दिसेल, आणि फळ धरणार नाही."

"ती जात मान्य यादीत नाही," मामी म्हणाली.

"यादीला फळं लागतात का?" रोपवाटिकेवाला म्हणाला. "नववं झाड नको असेल तर बाकीची आठही मी देणार नाही. उद्या बाग वांझ निघाली की नाव माझं खराब होईल."

आता कुणी म्हणेल, तीस वर्षं बागांतून हिंडलेल्या बाईला एवढंही माहीत नसावं? पण मामी बागेत जायची ती झाडं वर्षाची असताना. गुडघ्याएवढी, मांडीएवढी झाडं. मोजली, हलवली, सही केली, पुढचं गाव. फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर मामीचं तिथलं काम कधीच संपलेलं असायचं. झाडाच्या लहानपणाबद्दल तिला सगळं माहीत होतं, मोठेपणाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

तिनं तिथल्या तिथं मनात आकडेमोड केली. एकशे अठ्ठ्याण्णव रोपं घेतली तर त्यातली बावीस दुसऱ्या जातीची. ती मोजणीतून जाणार. राहिली एकशे शहात्तर. हवीत एकशे पंचाहत्तर. "एक जास्तच आहे," ती म्हणाली, "द्या."

वर्षभर दोघांनी त्या उतारावर हाडाची काडं केली. दगड वेचून बांध घातले, अकरा-अकराच्या अठरा ओळी आखल्या, उन्हाळ्यात झारीनं पाणी घातलं. मामानं प्रत्येक झाडाच्या आधाराच्या काठीवर रंगानं आकडा काढला, तोही वळणदार. शेजारच्या शेळीनं एक दिवस कुंपण चुकवून एक झाड शेंड्यापासून बुडापर्यंत फस्त केलं. मामी म्हणाली, "ठीक आहे. एकशे पंचाहत्तर. अजून बसतंय."

मोजणीचा दिवस ठरला तेव्हा मी पुन्हा तिथंच होतो. कार्यालयातून येणारी तपासनीस मामीच्याच हाताखाली आठ वर्षं शिकलेली. तिला गावोगावी अजून ‘नव्या बाई’च म्हणत. ओळखीच्या माणसाकडं मोजायला नको म्हणून तिनं साहेबांकडं दुसऱ्या कुणाला पाठवायची विनंती केली होती. पण दुसरं कुणी नव्हतंच. शेवटी तीच आली. मामीसारखेच जाड बूट, हातात नोंदवही, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"ताई, मी आज पाहुणी नाही हं," ती फाटकातच म्हणाली.

"मग चहा मोजणीनंतर," मामी म्हणाली. "चल. वरच्या ओळीपासून घे, ऊन मागं राहतं."

त्या दोघी पुढं, मी मागं, आणि मामा सगळ्यांत मागं. सकाळपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस, आज विचारलेल्याला हो-नाही एवढंच.

नव्या बाई झाड धरून हलवायच्या, बुंध्यावर कलम जिथं जोडलेलं असतं ती गाठ बघायच्या, पुढं जायच्या. दुसऱ्या जातीच्या झाडापाशी आल्या की मान खाली घालून फुली मारायच्या. मामी दरवेळी म्हणायची, "बरोबर." एकदा नाही, बावीस वेळा. सोळाव्या ओळीपाशी येईपर्यंत ऊन चढलं होतं. त्या ओळीतल्या तिसऱ्या झाडापाशी मामा अचानक पुढं आला आणि नव्या बाईंना समोरच्या टेकडीवरचा एक पक्षी दाखवू लागला. नव्या बाईंनी पक्षी बघितला, झाडावरून नुसती नजर फिरवली, आणि पुढं सरकल्या.

शेवटची ओळ संपली. नव्या बाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. "एकशे पंचाहत्तर! ताई, बसलं!"

मामी हसली नाही. "सोळाव्या ओळीतलं तिसरं हलवलंस?"

"ताई, जाऊ द्या ना. चांगलं दिसत होतं."

"फारच चांगलं दिसत होतं," मामी म्हणाली. "आमच्या एकाही झाडाची गाठ इतकी देखणी नाही."

ती मागं गेली. आम्ही सगळे तिच्यामागं. तिनं ते झाड बुंध्याशी धरलं आणि जरा हलवलं. ते अख्खं तिच्या हातात आलं.

झाड कसलं, फांदी होती ती. खालचं टोक तिरकं छाटलेलं, आणि वीतभर वर चिकणमाती आणि रंग लावून कलमाची गाठ इतकी हुबेहूब केलेली, की तशी गाठ करायला चित्रकलेच्या मास्तरचाच हात लागतो. मामा आभाळाकडं बघत उभा होता.

"अहो," मामी म्हणाली.

"काय गं?"

"हे काय आहे?"

मामानं फांदीकडं बघितलं. "काल सकाळपर्यंत तिथं झाड होतं," तो हळूच म्हणाला. "मोजणीच्या आधी गवत काढून जरा नीटनेटकं करावं म्हटलं. विळा चालवता चालवता... एकदम हातात आलं. तुला सांगायचा धीर झाला नाही."

मग नव्या बाईंच्या तोंडातून फुर्रकन आवाज निघाला. त्या हसू दाबायला गेल्या, ते दबेना, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यातलं किती हसण्याचं आणि किती रडण्याचं, ते सांगता येणार नाही. "ताई, कशाला हो ओढलंत?" त्या म्हणाल्या. "मी बघितलं नव्हतं. मला दिसलंच नव्हतं!"

"म्हणून तर ओढलं. न बघता सही केली असतीस, तर आठ वर्षं मी तुला काय शिकवलं? लिही. एकशे चौऱ्याहत्तर."

नव्या बाईंनी लिहिलं. त्याखाली शेरा लिहिला, ‘अपात्र’. मामीनं त्याखाली सही केली, आणि मग चहा ठेवला.

त्या दिवशी मामा जेवायला बसेना. अंगणातल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. अनुदान गेलं याचं त्याला दुःख होतंच, पण खोटेपणा उघडा पडला आणि तोही भाच्यासमोर, याचं जास्त होतं. मामी ताट घेऊन त्याच्याजवळ गेली.

"उठा. तुमच्या विळ्यानं एक गेलं. शेळीनं एक खाल्लं. बावीस कुणी खाल्ली ते सांगा."

"कुणी?" मामानं वळून विचारलं.

"मी," मामी म्हणाली. "माझ्या सातव्या कलमानं. चांगली कलम केलेली, गाठीची, जिवंत बावीस झाडं. त्यांच्याशिवाय बाकीच्यांना फळ नाही. आणि मीच त्यांच्यावर फुल्या मारायला लावते. आज बावीस वेळा ‘बरोबर’ म्हटलं मी. दहाव्यांदा म्हटलं तेव्हा माझंच मला कसंतरी झालं."

मामा उठून बसला. मामी तिथंच खाटेच्या कडेला टेकली. ती म्हणाली, "आणि आपल्या बावीस झाडांचं काय घेऊन बसलात? आपण ती ठेवली. ज्यांना मी काढून टाकायला सांगितली, त्यांचं काय झालं असेल?"

जंगली रोपं वेगळी आणि परागासाठी लावलेलं कलम वेगळं. सातवं कलम लिहिताना हा फरक मामीला माहीतच नव्हता. नासपतीची बाग लावलेले किती तरी जण तिला सांगू बघायचे. ती त्यांना थांबवून म्हणायची, "यादीत नाही ना? मग उपटा आणि तिथं यादीतलं लावा, पुढच्या वर्षी पुरं अनुदान मिळेल." भल्यासाठीच सांगायची. आणि लोक तिचं ऐकायचे, कारण मोजणीबाई खोटं सांगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिच्या सगळ्या जुन्या नोंदवह्या कपाटात होत्या. दोन दिवस लावून तिनं नासपतीच्या बागा वेगळ्या काढल्या. नऊला एकच्या हिशेबानं फुल्या पडलेल्या सव्वीस बागा निघाल्या. यादीत सगळ्यांत वर जो होता, त्याच्याकडं तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं जुन्या गाडीतून गेलो.

तो माणूस फाटकातच भेटला. डोक्यावर जाळीची टोपी, हातात धुराचं भांडं. मागं बागेत झाडांखाली ओळीनं निळ्या पेट्या. मामीला बघताच तो मोठ्यानं म्हणाला, "या या, मोजणीबाई! आज काय मोजणार? माश्या?"

मामी नेहमीची थेट बोलणारी, पण तिथं तिनं आधी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाली, "भाऊ, अकरा वर्षांपूर्वी मी तुम्हाला काही झाडं उपटायला सांगितली होती."

"हो तर. पंचवीस. दुसऱ्या दिवशीच उपटली."

"मग? फळं कशी येतात?"

तो खो खो हसला. "बाई, चौथ्या वर्षी असा बहर आला की रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून बघायचे. आणि फळं? एका फांदीला दोन. पाचव्या वर्षी तेच. मला कुणीतरी म्हणालं, माश्या कमी पडत असतील. म्हणून पेट्या आणल्या. माश्या आल्या, फुलांवर बसल्या, फळ काही धरेना. पण मध मिळायला लागला! आता जिल्हाभर मला ‘मधवाला’ म्हणतात. तीस पेट्या आहेत. नासपतीची झाडं मी आता माश्यांच्या सावलीसाठी ठेवलीत."

मामीनं त्याला सगळं सांगितलं. पराग, नववं झाड, तिनं लिहिलेलं कलम, तिची चूक. काही लपवलं नाही. सांगताना टोपीची कडा बोटांनी उसवत होती. मी मामीला कधी कुणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं.

मधवाल्यानं धुराचं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे झाडांचा दोष नव्हता तर," तो म्हणाला. "आणि माझा हातही वाईट नव्हता. बायको अजून म्हणते, तुमच्या हाताला यश नाही." मग एकदम हाक मारली, "अगं ए, बाहेर ये! मोजणीबाई काय सांगतात ते ऐक! माझ्या हातात काही खोट नाही!"

त्याची बायको हात पुसत बाहेर आली. मामीला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून ती नवऱ्याला म्हणाली, "मग आता मध बंद करणार का?" तो म्हणाला, "वेडी आहेस का?" परत निघालो तेव्हा गाडीत मधाच्या चार बाटल्या होत्या, आणि मामाचा हरवलेला आवाजही परत आला होता.

पुढचे तीन महिने फळांचे होते. मामीनं सव्वीसच्या सव्वीस बागा पालथ्या घातल्या. मी होतो तोवर मी, मग मामा गाडी चालवायचा. अकरा जणांनी तिचं ऐकून झाडं उपटली होती. पंधरा जणांनी अनुदानावर पाणी सोडलं होतं पण झाडं ठेवली होती. त्या पंधरांच्या बागांत फांद्यांना टेकू द्यावे लागत होते, आणि अकरांच्या बागांत फळ शोधावं लागत होतं. मामी दरवेळी दहा झाडं निवडून त्यांच्यावरची फळं मोजायची, बटणं एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत, आणि वहीत लिहायची. सगळेच काही मधवाल्यासारखे नव्हते. एका म्हातारीनं तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. एकानं अर्धा तास सुनावलं. मामी उन्हात उभी राहून पुरतं ऐकून घेऊन म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. आता हा नियम बदलायला माझ्याबरोबर याल का?" तो जरा घुटमळला, आणि मग आला.

योजनेचे नियम बदलायला एक समिती होती. वर्षातून दोनदा बसायची. निवृत्त माणसाला तिच्यासमोर थेट जाता येत नव्हतं, कार्यालयातल्या कुणीतरी टिपण पाठवावं लागायचं. ते नव्या बाईंनी पाठवलं, आपल्या सहीनं. साहेब म्हणाले, "स्वतःच्या जुन्या बाईंसाठी करताय, असं लोक म्हणतील." नव्या बाई म्हणाल्या, "म्हणू देत. त्यांचं अनुदान मीच नामंजूर केलंय, तेही लिहिलंय टिपणात."

समितीची खोली लांबट, मध्ये एकच मोठं टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. बाहेरच्या अरुंद बोळात एकोणीस बागाईतदार बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. त्यांना आत घ्यायची परवानगी नव्हती, पण दार लागत नव्हतं, त्यामुळं त्यांना सगळं ऐकू येत होतं. मामीनं टेबलावर दोन खोकी ठेवली. दोन बागांतल्या एकेका फांदीची फळं. झाडं एकाच वयाची, जात एकच. एक खोकं काठोकाठ. दुसऱ्यात तळाशी कागद दिसत होता.

समितीचे प्रमुख असलेले संचालकसाहेब नियमावली चाळत म्हणाले, "पण हे सातवं कलम घातलं कुणी?"

"मी," मामी म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि आता तुम्हीच म्हणता बदला."

"हो."

"म्हणजे तेव्हा चुकलं होतं?"

"अर्धं चुकलं होतं," मामी म्हणाली. "जंगली रोपं रोखायलाच हवी होती. पण मी कुऱ्हाड चालवली तिथं कात्री पुरली असती. तीस वर्षं मला वाटत होतं की मला झाडं कळतात. मला फक्त ती मोजता येत होती."

बोळातून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बरोबर!" आणि बाकीचे हसले. साहेबांनी दाराकडं बघितलं, मग भरल्या खोक्यातलं एक फळ उचललं, रुमालानं पुसलं आणि चावलं. रस हनुवटीवरून थेट नियमावलीवर टपकला.

काम एका बैठकीत झालं नाही. तशी कामं होतही नाहीत. त्या झाडांना म्हणायचं काय यावरच दोन तास गेले. एकाला ‘सहायक वृक्ष’ हवं होतं, एकाला ‘परागदायी’. शेवटी ‘पूरक झाड’ ठरलं. सहा महिन्यांनी दुसरी बैठक झाली आणि सातव्या कलमाला शेपूट जोडलं गेलं: कलम केलेलं, गाठ स्पष्ट दिसणारं पूरक झाड नऊला एक या प्रमाणात मोजणीत धरावं. जुने निकाल उघडता येणार नाहीत, असं समितीनं सांगितलं. पण ज्यांनी उपटली होती त्या अकरा जणांना पूरक झाडं कार्यालयाकडून मोफत देण्याचं ठरलं. ती पोचवायला रोपवाटिकेवाला स्वतः आला. प्रत्येक फाटकात उभं राहून तो म्हणायचा, "मी तेव्हाच सांगितलं होतं," आणि मामी शेजारी उभी राहून दरवेळी मान डोलवायची.

मामीनं नव्यानं अर्ज भरला. पुन्हा नव्या बाईच आल्या. या खेपेला त्यांनी प्रत्येक झाड असं गदागदा हलवलं की मामा कळवळला. "अहो बाई, मुळं तरी राहू द्या!" झाडं भरली एकशे शहाण्णव. गेलेल्यांच्या जागी नव्यानं लावलेल्या दोन झाडांना अजून वर्ष झालं नव्हतं, म्हणून ती सोडली. पुढच्या महिन्यात पाण्याच्या नळ्या आल्या, झारी कोपऱ्यात गेली, आणि मामाची कंबर सरळ झाली.

मधवाल्याच्या झाडांना तिसऱ्या वर्षी फळं लागली, कारण त्याची मोठी झाडं तयारच होती, फक्त शेजार हवा होता. फळांनी ओझावलेल्या फांदीखाली बायकोला उभं करून त्यानं फोटो काढला आणि मामीला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘हिनं शब्द मागं घेतला.’ आता बहराच्या दिवसांत तो आपल्या सहा पेट्या मामीच्या उतारावर आणून ठेवतो. मामाला दोनदा माशी चावली आहे, एकदा नाकाला.

गेल्या वर्षी बागाईतदारांनी आपला संघ काढला आणि मामीला अध्यक्ष व्हायची गळ घालायला आठ-दहा जण घरी आले. फाटकात येऊ न देणारी ती म्हातारीही त्यांच्यात होती. मामी म्हणाली, "अध्यक्षाची खुर्ची नको. नुसती खुर्ची द्या. माझे गुडघे दुखतात, आणि तुमचे अर्ज वाचायला मला तासन्‌तास बसावं लागतं." दुसऱ्या दिवशी टेंपोतून एक चांगली रुंद, हातांची, गादीची खुर्ची आली. रविवारी सकाळी ती अंगणात टाकलेली असते. समोर लोक अर्ज घेऊन बसलेले असतात, मामा चहाचे कप फिरवतो, आणि मामी प्रत्येकाला आधी एकच गोष्ट विचारते, "यादी राहू द्या. तुमच्या झाडांना काय लागतं, ते सांगा."